नवेगावची सून

जगात जन्मलेल्या प्रत्येक माणसाला एक मूळ गाव असतं, ते त्याला ठाऊक नसेल तर दोष त्याचा आहे, आणि ते शोधून त्याच्या हवाली करेपर्यंत आपण स्वस्थ बसता कामा नये, असं मानणारी एकच व्यक्ती अख्ख्या दक्षिण गोलार्धात आहे आणि ती माझी मावससासू आहे. बायकोची मावशी म्हणून मीही त्यांना मावशीच म्हणतो. त्या मला जावईबापू म्हणतात. हे संबोधन आदराचं आहे असा माझा बरीच वर्षं समज होता. मावशी ऑकलंडच्या दक्षिणेला, टाकानिनीत, मुलाकडे राहतात. पंजाबी ड्रेसवर फुगीर जॅकेट, पायात धावायचे बूट आणि ऊन असलं तर जांडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा वेषात त्या बाहेर पडतात आणि रस्त्याचा कोपरा ओलांडायच्या आत कुणाला तरी "तुमचं मूळ गाव कोणतं?" असं विचारून मोकळ्या होतात. बसचा ड्रायव्हर, औषधाच्या दुकानातली मुलगी, गॅसमीटर वाचायला आलेला माणूस, कुणीही यातून सुटलेलं नाही. प्रश्न साधा आहे, पण मावशी तो इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून विचारतात, आणि त्यामुळे "व्हॉट इज युवर रूट व्हिलेज?" हे ऐकून त्यांच्या दाताच्या डॉक्टरांनी रूट कॅनॉलची गरज नाही असं त्यांना तीनदा समजावून सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, बसणाऱ्या गुजराती भाईंनी मात्र पहिल्या दमात नवसारीजवळच्या गावाचं नाव, तालुका आणि देवीचं देऊळ सांगितलं. तेव्हापासून दूध तिथूनच येतं, मग ते आदल्या दिवशीचं का असेना.

सगळ्यांत मोठा विजय दवाखान्यात झाला. तिथल्या माओरी नर्सला मावशींनी नेहमीचा प्रश्न टाकला. तिने आधी आपल्या डोंगराचं नाव सांगितलं, मग नदीचं, मग पूर्वज ज्या होडीतून आले तिचं, आणि सर्वांत शेवटी स्वतःचं. मावशी रक्तदाब न मोजताच परत आल्या. "याला म्हणतात पत्ता," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या भेटेल त्याला नमस्काराऐवजी माओरी किआ ओरा म्हणू लागल्या आणि स्वतःची ओळखही त्याच पद्धतीने करून देऊ लागल्या. डोंगर सिंहगड, नदी मुठा, आणि होडीच्या जागी मुलाने पाठवलेल्या तिकिटावरचा विमानाचा नंबर. त्यांचं स्वतःचं गाव सिंहगडाच्या वाटेवर होतं. ते पुण्याने केव्हाच गिळलं. आता तिथे वॉर्ड क्रमांक आणि दोन सुपरमार्केटं आहेत. याबद्दल मावशी फारसं बोलत नाहीत.

गाव आडनावात असतं, हा मावशींचा सिद्धान्त. महाराष्ट्रात तो बऱ्यापैकी चालतो. आडनावाच्या शेवटचा 'कर' काढला की उरलेल्या गावाची एसटी मिळते. ज्यांच्या आडनावाला 'कर' नाही त्या जोशी-कुलकर्णी मंडळींना मावशी बिनपत्त्याची माणसं समजतात, आणि मी त्यांच्यातलाच असल्यामुळे माझ्याविषयी त्यांचं मत कधीच फारसं चांगलं नव्हतं. न्यूझीलंडमध्ये आल्यावर हा सिद्धान्त सोडावा लागेल अशी घरच्यांची अपेक्षा होती. मावशींनी तो वाढवला. एकदा मुलाचे साहेब जेवायला आले. त्यांचं आडनाव यॉर्क. वरणभातावर तूप वाढता वाढता मावशींनी त्यांना यॉर्कला शेवटचं कधी जाऊन आलात असं विचारलं. साहेब कधीच गेले नव्हते. मावशींनी तुपाचा चमचा परत वाटीत ठेवला आणि साहेब बिनतुपाचा वरणभात जेवले.

"होईल का?" हा प्रश्न मावशींच्या भाषेत नाही, "कधी होईल?" एवढाच आहे. त्यांच्या रस्त्यावरच्या बसथांब्याला बाक नव्हता. त्यांनी तक्रार केली. विचार करू असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवसापासून मावशी घडीची खुर्ची घेऊन थांब्यावर जाऊ लागल्या, आणि बस आली की खुर्चीसकट चढू लागल्या. मग दोन खुर्च्या नेऊ लागल्या, दुसरी जो येईल त्याच्यासाठी. हिवाळा लागेपर्यंत थांब्यावर एवढ्या खुर्च्या जमल्या की बाहेरून बघणाऱ्याला तिथे कीर्तन आहे असं वाटावं. शेवटी बाक आला. मावशी त्यावर एकदा बसल्या, उंची कमी आहे म्हणाल्या, आणि पुन्हा खुर्ची नेऊ लागल्या.

या मावशींच्या शेजारच्या घरात जोनबाई राहायच्या. टाकानिनीत घरांच्या नव्या कोऱ्या वसाहती उभ्या राहायच्या आधी शर्यतीच्या घोड्यांचे तबेले होते, तेव्हापासूनच्या. वय एक्याऐंशी. नवरा रे घोडे सांभाळायचा, तो जाऊन काही वर्षं झाली होती. पोस्टाच्या पेटीवर पितळी अक्षरांत आडनाव होतं, व्हिलनव्ह. हा फ्रेंच उच्चार झाला. टाकानिनीत सगळे व्हिलनूव्ह म्हणत, आणि मावशींनी पेटी पहिल्यांदा वाचली तेव्हा शेजारी कुणी व्हिलन राहतात असं घरी येऊन कळवलं होतं. मावशींना इंग्रजी बेताचं, जोनबाईंना ऐकू बेताचं. त्यामुळे दोघींचं उत्तम जमलं. जोनबाई 'मावशी' हे त्यांचं नाव समजत आणि मॉशी अशी हाक मारत. मॉशी कुंपणावरून मेथीच्या जुड्या द्यायच्या, पलीकडून बादलीभर फिजोआ, म्हणजे इथले पेरूच म्हणा, यायचे. मेथीचं काय करायचं हे जोनबाईंना ठाऊक नव्हतं आणि फिजोआ मावशींना आवडत नव्हते, पण देवघेव कधी थांबली नाही. दुपारभर दोघी बोलत, एक मराठी मिसळून, एक इंग्रजीत, आणि एकीचं संपल्याशिवाय दुसरी सुरू करत नसे. घरात मुलगा आणि सून कामावर. नातीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते, तेही जिन्यावरून. मावशींचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस एकच होतं, आणि त्याला मराठी येत नव्हतं.

२०१६ च्या सुरुवातीला जोनबाईंच्या मुलाने एक माहितीपत्रक पाठवलं. तो ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात राहतो, तिथे एका मोठ्या गोदामावर देखरेख करतो. त्याच्या घराजवळ निवृत्तांसाठी एक वसाहत होती. असल्या वसाहतीला इथे रिटायरमेंट व्हिलेज म्हणतात. आईने टाकानिनीचं घर विकावं आणि तिथे यावं, असं त्याचं म्हणणं. तो दर रविवारी फोन करायचा आणि नाताळपर्यंत उत्तर मागायचा. त्याचं चूक नव्हतं. जोनबाई स्वयंपाकघरात दोनदा पडल्या होत्या. पण त्यांचा पाय निघत नव्हता. २०११ च्या भूकंपानंतर ख्राइस्टचर्चचं नाव काढलं की त्या आधी छताकडे बघायच्या, हे एक. आणि दुसरं त्यांनी मावशींना सांगितलं, मावशींनी मला. जन्म याच रस्त्यावर, लग्न याच रस्त्यावर. शाळेत, चर्चमध्ये, तबेल्यात, जिथे गेल्या तिथे लोक आधीपासून ओळखणारे. "नवीन कसं व्हायचं ते मला येतच नाही," जोनबाई म्हणाल्या होत्या.

मावशींनी माहितीपत्रक नाकाजवळ धरून वाचलं. "ज्याला वेस नाही, देव नाही, ओढा नाही आणि साठीच्या आतल्याला प्रवेश नाही, ते कसलं गाव?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी विषय कायमचा निकालात काढण्याचं ठरवलं. ज्याने आपलं खरं गाव पाहिलं तो छापील गावाला भुलत नाही. तेव्हा जोनबाईंना त्यांच्या मूळ गावी नेऊन आणायचं. माणूस आपली मुळं बघून आला की जिथल्या तिथे घट्ट होतो. मी म्हटलं, हा सगळा खटाटोप जोनबाईंसाठी आहे का? मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "ती गेली तर मी बोलू कुणाशी, जावईबापू? तुमच्याशी?"

गाव कुठलं, हा प्रश्न मावशींच्या लेखी सुटलेलाच होता, कारण ते आडनावात होतं. मी बातमीदार, सवयीप्रमाणे माहिती काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. व्हिलनव्ह म्हणजे नवं गाव, नवेगाव. मध्ययुगात फ्रान्सच्या राजांनी आणि सरदारांनी ओसाड मुलखात नवी गावं वसवली आणि त्यातल्या अनेकांना हेच नाव दिलं. देशभर ढिगाने नवेगावं आहेत. आडनावावरून यातलं नेमकं गाव सापडणार नाही. मावशींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "आपल्याकडे वडगावं किती आहेत?" त्या म्हणाल्या. "वडगाव बुद्रुक आहे, खुर्द आहे, शेरी आहे, मावळ आहे. म्हणून वडगावकरांनी गावाला जायचं सोडलं का?" मग त्या नातीचा टॅब्लेट घेऊन बसल्या आणि नवेगावांचे फोटो एकेक करून पाहू लागल्या. आठवडाभराने त्यांचा फोन आला. नैऋत्य फ्रान्समधल्या एका नवेगावच्या बाजारात भोपळे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा फोटो त्यांना सापडला होता. तिचं नाक हुबेहूब जोनबाईंसारखं होतं. वृत्तपत्रात हा पुरावा छापता आला नसता. टाकानिनीत तो पुरला. जोनबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी नाकाचा फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणाल्या. हे त्या भाजी चांगली झाली आहे का असं विचारल्यावरही म्हणत.

सप्टेंबरात आम्ही तिघं निघालो. मावशींच्या मुलाला रजा नव्हती, म्हणून माझी निवड ड्रायव्हर म्हणून झाली. ओटाहुहुच्या बाजारात सामोअन दुकानदारापुढे सोळा नारळ कानाशी हलवून मावशींनी एक निवडला होता, गावच्या देवासाठी. तो पूर्ण प्रवासात त्यांच्या मांडीवर होता. पॅरिसहून दक्षिणेला निघालो तसा रस्ता उजवीकडून, चाक डावीकडून, आणि मागून मावशींच्या सूचना दोन्हींकडून. सूर्यफुलं वाळून काळी पडली होती. शेतंच्या शेतं माना खाली घालून उभी होती. जोनबाई पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून सरळ बसल्या होत्या. परदेशी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास एका टेकडीवर दगडी कोट दिसला, त्याच्या मधोमध कमानीची वेस, आणि वेशीबाहेर पांढऱ्या पाटीवर जोनबाईंचं आडनाव. पाटीपाशी गाडी लावली. मावशींनी वेस पाहिली, आणि गावाला वेस आहे याबद्दल माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. जोनबाई पाटीला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग त्या म्हणाल्या की रे आज असता तर किती हसला असता, त्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून. लग्नाआधी मी पॉट्स होते, त्या म्हणाल्या, आणि पॉट्सच्या नावाने कुणी गाव वसवलं नसतं.

मावशींनी मला विचारलं, ही काय म्हणतेय. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

घोटाळा असा होता. जोनबाई म्हणायच्या की मी जन्मभर याच रस्त्यावर राहिले, हे घर डॅडचं. मावशींनी त्यावरून रे हा घरजावई होता आणि पेटीवरचं आडनाव जोनबाईंच्या माहेरचं, असं नक्की केलं होतं, आणि इतकी वर्षं त्या त्याच्या फोटोकडे थोड्या सहानुभूतीने बघत होत्या. प्रत्यक्षात जोनबाईंचं माहेर त्याच रस्त्यावर दोन घरं सोडून होतं, आणि डॅड म्हणजे सासरे. नाकाचा पुरावा तिथल्या तिथे कोसळला. मी जराशा समाधानाने मावशींकडे पाहिलं. पंधरा-वीस हजार किलोमीटर येऊन चुकीच्या पाटीखाली उभं राहिल्यावर माणूस निदान बसतो. मावशी बसल्या नाहीत.

"म्हणजे हे हिचं सासर," त्या म्हणाल्या. "आणि ही लग्नानंतर पहिल्यांदा येतेय." जोनबाई वेशीकडे दोन पावलं गेल्या होत्या, मावशींनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. "तशी कशी जातेस आत? माप कुठंय?"

माप म्हणजे धान्याने भरलेलं भांडं. नवी सून उंबऱ्यावरचं ते माप उजव्या पायाने लवंडते आणि घरात येते. हे मी जोनबाईंना इंग्रजीत समजावून सांगितलं, तेव्हा मला अपेक्षा होती की त्या हसतील. त्या वेशीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तांदूळ कुठे मिळेल असं विचारलं. मी सून नसल्यामुळे मला आत जायची परवानगी होती. आत गेलो तर दुकान बंद. फ्रान्सच्या खेड्यात दुपारी जेवणासाठी सगळं बंद होतं आणि ते उघडण्याची घाई कुणालाच नसते. मी परत येऊन हे सांगितलं. आत जाऊन कुठेतरी खाऊन घेऊ, तांदळाचं नंतर बघू, असंही सुचवलं. मावशी गाडीकडे वळल्या. त्यांनी डिकीतून घडीच्या खुर्च्या काढल्या. त्या त्यांनी आणल्या होत्या हे मला तोवर माहीत नव्हतं. नवेगावच्या वेशीबाहेर, कोटाच्या सावलीत, दोघी दुकान उघडेपर्यंत बसून राहिल्या. मावशींनी दशम्या आणि लोणचं काढलं. येणारे-जाणारे लोक बोंझूर म्हणत, मावशी किआ ओरा म्हणत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तीनच्या सुमारास मी तांदळाची पुडी आणि समोरच्या कॅफेतून मागून आणलेला कॉफीचा रिकामा वाडगा घेऊन आलो. मावशींनी वाडगा शिगोशीग भरला आणि कमानीखालच्या झिजलेल्या दगडावर ठेवला. पर्समधली कुंकवाची डबी काढली. मी इथे थोडा घुटमळलो. जोनबाई विधवा, मावशीही विधवा. आमच्या घरात अजूनही काही बायका अशा प्रसंगी मागे उभ्या राहतात आणि पुष्कळ वर्षं मावशीही राहिल्या होत्या. माझ्या मनातलं त्यांना दिसलं असावं. "इथे कोण विचारणार आहे?" त्या म्हणाल्या. "आणि विचारलंच, तर मला फ्रेंच येत नाही."

त्यांनी जोनबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. तेवढ्यात मागून पावाची डिलिव्हरी करणारी व्हॅन आली, कारण वेस ही गावात जायची वाटही होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मावशींनी वळून हाताचा पंजा दाखवला. तो खाली उतरला, त्याने वाडग्याकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, परत गेला आणि त्याने इंजिन बंद केलं.

"नाव घे," मावशी म्हणाल्या.

मी जोनबाईंना सांगितलं की आमच्यात सुनेने आत येताना नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं, तेही दोन ओळी जुळवून. जोनबाईंनी थोडा विचार केला. जुळवायला त्यांना काही सापडलं नाही.

"रे," त्या म्हणाल्या.

मावशी उखाण्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहेत. माझ्या लग्नात माझ्या बायकोचा उखाणा वजनात बसत नाही म्हणून त्यांनी तो दोनदा घ्यायला लावला होता. इथे त्यांना तेवढं एक नाव पुरलं. त्यांनी जोनबाईंच्या उजव्या बुटाकडे बोट केलं, आणि जोनबाईंनी एक हात मावशींच्या खांद्यावर ठेवून माप लवंडलं. तांदूळ दगडाच्या फटींतून उतारावर पसरले. व्हॅनवाल्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो टोपी हातात घेऊन उभा होता. नंतर त्याने गाडी तांदळावरून न नेता एक चाक भिंतीला घासत नेली.

गावात शिरल्यावर मावशींची मात्र निराशा झाली. वाकड्यातिकड्या बोळांची त्यांची अपेक्षा होती. इथे सगळे रस्ते सरळ, काटकोनात, सगळ्या घरांच्या रुंदी सारख्या, मधोमध चौक आणि चौकाभोवती कमानी. "हे तर नवी मुंबई आहे," त्या म्हणाल्या. नारळ त्यांनी चर्चमध्ये देवीसमोर ठेवला, माझ्या विनंतीला मान देऊन न फोडता, आणि मग त्या थेट नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या. तिथल्या बाईंना इंग्रजी येत होतं आणि काम नव्हतं. मावशींनी व्हिलनव्ह घराण्याचं घर दाखवा म्हटलं. बाईंनी अतिशय सौम्यपणे सांगितलं की या गावात व्हिलनव्ह आडनावाचं कुणीही नाही, आणि कधी असल्याचं त्यांना ठाऊक नाही. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला चिकटेल? तो बाहेर गेला, की तिथले लोक त्याला त्या नावाने ओळखतात. आणि हे गाव तरी मूळचं कुणाचं? साडेसातशे वर्षांपूर्वी इथे रान होतं. राजाने दवंडी पिटली, येईल त्याला घराला जागा आणि भाजीपाल्याला तुकडा. लोक चारी दिशांनी आले. पहिल्या दिवशी इथला प्रत्येक माणूस नवीन होता.

मी हे मराठीत सांगत गेलो. मावशी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. पुण्यात पुणेकर आडनावाचे किती भेटले, हे त्या मनात मोजत असाव्यात. "खरंय," त्या शेवटी म्हणाल्या. "गाव सुटल्याशिवाय आडनाव लागत नाही." आयुष्यभराचा सिद्धान्त त्यांनी एका वाक्यात उलटा करून ठेवला आणि बाईंचे आभार मानून त्यांना त्यांचं मूळ गाव विचारलं. त्या पार वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या निघाल्या.

संध्याकाळी आम्ही चौकातल्या कमानीखाली कॉफी घेत बसलो होतो. जोनबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने त्यांना काहीतरी विचारलं; त्यांनी आपल्याकडे बोट दाखवून "व्हिलनव्ह" म्हटलं, मग चौकाकडे बोट दाखवून तेच म्हटलं, आणि तो एवढा खूश झाला की उठून हात मिळवायला आला. मग जोनबाई मावशींकडे वळल्या. त्या हळू बोलल्या, एकेक शब्द सुटा करून, आणि या वेळी माझ्या भाषांतराची गरज पडली नाही.

"मॉशी, मी इथे कुणाची कुणी नाही. तरी आज दुपारी पाय टाकला आणि हे गाव माझं झालं. मग हॉर्नबीचं काय कठीण आहे?"

मावशींनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता. तो त्यांनी खाली ठेवला, बशीत नीट मध्यावर. त्यांना वाद घालता आला असता. भूकंप होता, स्वयंपाकघरातून दिसणारा घोड्यांचा माळ होता, मेथी होती. मी त्यांना याहून कितीतरी कमी मालावर खटले जिंकताना पाहिलं आहे. त्या जोनबाईंकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधी?"

फेब्रुवारीत जोनबाई हॉर्नबीला गेल्या. घर विकलं गेलं, त्या जागी आता तीन जोडघरं उभी आहेत. सामान मावशींनी बांधलं. काचेची भांडी मराठी वर्तमानपत्रात गुंडाळली, खोक्यांवर आत काय आहे ते मोडीइतक्या अवघड इंग्रजीत लिहिलं, आणि मूव्हर्सच्या माणसांना सोफा कसा धरायचा ते शिकवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या सुनेने विचारलं की जोनबाईंना थांबा म्हणून एकदा सांगून बघायचं का. मावशी म्हणाल्या, सुनेला आता घर आहे, तिला दारात अडवत नाहीत. हे त्यांनी स्वतःच्या सुनेकडे बघत सांगितलं.

२०१८ च्या हिवाळ्यात मला ख्राइस्टचर्चला काम निघालं, तेव्हा मावशी बरोबर आल्या. हॉर्नबीच्या त्या वसाहतीत जोनबाईंनी आम्हाला दारोदार फिरवलं. नवीन कुणी राहायला आलं की त्याला पहिल्या दिवशी भेटायचं काम आता त्यांच्याकडे होतं. ते कुणी दिलेलं नव्हतं, त्यांनी घेतलं होतं. प्रत्येकाला त्या सांगत होत्या, ही माझी मॉशी, हिने मला फ्रान्सला नेलं. लोक मावशींचा हात हातात घेत आणि खूप ऐकलंय तुमच्याबद्दल म्हणत. मावशी मान डोलावत होत्या. जेवणाच्या हॉलमध्ये जोनबाईंच्या टेबलावर पाच खुर्च्या होत्या आणि पाचही भरलेल्या होत्या. आमच्यासाठी दोन बाहेरून आणाव्या लागल्या. दुपारभर मावशींनी कुणालाच काही विचारलं नाही. मी ते लक्षात घेतलं, पण मला वाटलं त्या थकल्या असतील.

परतीच्या विमानाला उशीर होता. आम्ही काचेजवळ बसलो होतो, बाहेर पाऊस तिरपा पडत होता. मावशी म्हणाल्या, छान आहे जागा. ऊन येतं. शेजार चांगला आहे. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं."

मी म्हटलं, फोन लावून देतो, आत्ता विचारा.

"नको," त्या म्हणाल्या. "माझी आठवण येते का, हे फोनवर कसं विचारायचं? तिला ऐकू कमी येतं. ओरडून विचारावं लागेल."

विमानाची घोषणा झाली. मावशींनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या पुढे रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.